ॲट्रियल फिब्रिलेशन : धाप लागण्याचे कारण आणि उपचार

जिना चढताना धाप लागणे, छातीत धडधडणे आणि लवकर थकणे यांचा दोष बहुधा वयाला दिला जातो. पुष्कळदा त्यामागे ‘ॲट्रियल फिब्रिलेशन’ हा हृदयलयीचा विकार असतो.

निरोगी हृदयात उजव्या अलिंदातील सायनस गाठ ठोक्यांची लय ठरवते. या विकारात अलिंदांमध्ये मिनिटाला ३५० ते ६०० अव्यवस्थित विद्युत्स्पंद उमटतात व ती आकुंचन पावण्याऐवजी थरथरतात. निलये पुरेशी भरत नाहीत, फुफ्फुसांतील रक्तवाहिन्यांत दाब वाढतो आणि धाप लागते. डाव्या अलिंदात साकळलेल्या रक्ताची गुठळी मेंदूत गेल्यास पक्षाघात होतो. हा धोका सुमारे ५ पटींनी वाढलेला असतो.

निदान ईसीजीने होते. इकोकार्डिओग्राम व थायरॉईडची तपासणी मूळ कारण शोधण्यासाठी केली जाते.

उपचाराची उद्दिष्टे तीन आहेत. पहिले, ठोक्यांचा वेग आटोक्यात आणणे. त्यासाठी बीटा-ब्लॉकर, डिल्टियाझेम किंवा डिगॉक्सिन देतात. दुसरे, लय पूर्ववत करणे. त्यासाठी ॲमिओडॅरोनसारखी औषधे, विद्युतधक्का किंवा कॅथेटर ॲब्लेशन हे मार्ग आहेत. या विकाराचे ठिणगीस्थान बहुधा फुफ्फुसशिरांच्या मुखाशी असते, हे फ्रान्समधील बोर्दो येथील संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवून दिले. ॲब्लेशनमध्ये तोच भाग विद्युतदृष्ट्या अलग करतात. तिसरे, गुठळी रोखणे. त्यासाठी ॲपिक्सॅबॅन, रिव्हरॉक्सॅबॅन किंवा वॉरफेरिन ही रक्त पातळ ठेवणारी औषधे दिली जातात.

येथेच एक गैरसमज घातक ठरतो. लय सुधारली, धाप थांबली, म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी आपणहून बंद करणे धोक्याचे आहे. ती चालू ठेवण्याचा निर्णय वय, रक्तदाब, मधुमेह, पूर्वीचा पक्षाघात यांवरून होतो, जाणवणाऱ्या लक्षणांवरून नव्हे.

भारतातील ज्येष्ठांच्या बाबतीत आणखी एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. बालपणीच्या संधिवाती तापामुळे हृदयाची मायट्रल झडप बरीच अरुंद झालेली असल्यास नव्या गोळ्यांऐवजी वॉरफेरिनच दिले जाते. परदेशातील मुलांनी ‘इकडची आधुनिक गोळी’ परस्पर सुचवू नये. वॉरफेरिन घेणाऱ्यांचा आयएनआर सामान्यतः २ ते ३ दरम्यान राखतात. मेथी-पालक वर्ज्य नाहीत. त्यांचे प्रमाण मात्र एकसारखे असावे.

रक्तदाब, वजन, मद्यपान आणि झोपेतील श्वासावरोध यांवर नियंत्रण हा उपचाराचाच भाग होय. छातीत दुखणे, बेशुद्धी, विश्रांतीतही धाप, चेहरा वाकडा होणे किंवा बोलणे अडखळणे ही लक्षणे दिसताच तत्काळ रुग्णवाहिका बोलवावी.