स्वमग्नतेची चाहूल आणि तान्ह्या बाळांसाठी लवकर मदत

"मुलगे उशिराच बोलतात" असे म्हणत आपण अनेकदा वाट पाहत राहतो. परंतु वर्षाचे होत आलेले बाळ हाकेला वळत नसेल, नजरेला नजर देत नसेल, तर निदानापूर्वीही मदत सुरू करता येते.

ऑस्ट्रेलियातील पर्थ व मेलबर्न येथे अशी लक्षणे असलेल्या ९ ते १४ महिन्यांच्या १०३ बाळांचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. सुमारे निम्म्या बाळांच्या घरी थेरपिस्ट पाच महिन्यांत दहा वेळा गेले. बाळाशी खेळतानाचे चित्रीकरण आईवडिलांनाच दाखवून बाळाचे सूक्ष्म संकेत ओळखण्यास त्यांना शिकविले. वयाच्या तिसऱ्या वर्षी तपासलेल्या या गटातील ४५ मुलांपैकी ३, तर नेहमीची सेवा मिळालेल्या ४४ पैकी ९ मुलांत स्वमग्नतेचे निदान झाले.

संख्या लहान आहे. हा रामबाण उपाय नव्हे. स्वमग्नता हा आईवडिलांचा दोषही नव्हे. बाळाची भाषा मोठ्यांनी शिकावी, हेच या पद्धतीचे मर्म आम्हांस वाटते. शंका येताच बालरोगतज्ज्ञांना किंवा शासनाच्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात बाळाला दाखवावे.