वंशावळ आणि व्याधी

महाराष्ट्रात वंशावळीचे साधन जुने आहे. वतनाच्या तंट्यांत ती पुराव्यादाखल पुढे येई. विसाव्या शतकात अनेक घराण्यांचे कुलवृत्तांतही छापले गेले. तथापि ही साधने मुख्यतः पुरुषपरंपरेची आहेत. मुलीचे नाव आले तरी तिची संतती परकुळाची ठरून तिचा मागोवा बहुधा तेथेच संपतो. वतनाच्या वारशास हे पुरेसे होते. व्याधीच्या वारशास ते पुरत नाही.

जठराच्या आनुवंशिक कर्करोगाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. न्यूझीलंडमधील एका माओरी कुळात या रोगाने पिढ्यान्‌पिढ्या तरुण माणसे दगावत होती. कुटुंबाच्याच पुढाकाराने ओटागो विद्यापीठाचे संशोधन सुरू झाले आणि १९९८ साली पॅरी गिलफर्ड व सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये त्याचे कारण प्रसिद्ध केले. सोळाव्या गुणसूत्रावरील 'सीडीएच-१' या जनुकातील दोषाने पेशींना परस्परांशी बांधून ठेवणारे ई-कॅढेरिन हे प्रथिन उणे पडते. हा दोष मातेकडून वा पित्याकडून, पुत्रास वा कन्येस, सारख्याच संभवाने, म्हणजे दोहोंत एक या प्रमाणात, पोचतो. स्त्रियांना त्यामुळे स्तनाच्या कर्करोगाचाही धोका असतो. जठरातील रोग अस्तराखाली विखुरलेला वाढत असल्याने दुर्बिणीच्या तपासणीत तो पुष्कळदा निसटतो. यास्तव दोष आढळलेल्यांना रोगापूर्वीच संपूर्ण जठर काढून टाकण्याचा सल्ला देण्यात येतो. दोष न आढळलेला मात्र त्या भयातून मुक्त होतो. माओरींची वंशकथनाची परंपरा स्त्री व पुरुष या दोन्ही शाखा धरून चालते, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

आपल्याकडे वसंत रामजी खानोलकर व एल. डी. संघवी यांनी १९५० साली मुंबईतील सहा अंतर्विवाही समूहांच्या आनुवंशिक लक्षणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेथे अभ्यासाचा घटक जात हा होता. एका कुटुंबातील रोगाचा माग काढण्यास निराळे साधन लागते.

ते साधन कागदापेक्षा भाषेत अधिक शाबूत आहे. रहिमतपूरच्या एखाद्या रुग्णास "घराण्यात कुणास हा रोग होता काय?" असे विचारल्यास तो प्रामाणिकपणे "नाही" म्हणेल, कारण घराणे म्हणजे पित्याचे कुळ. मामा पोटाच्या विकाराने गेला असला, तरी तो आजोळचा. मराठीने मामा, मावशी, काका, आत्या ही नाती पृथक् शब्दांनी जपली आहेत. प्रश्न त्या एकेका शब्दाने विचारला, तर कुलवृत्तांतात जी शाखा तुटते ती पुन्हा सांधता येते.