पोप सहावे पॉल यांची मुंबई भेट (१९६४)

पोप सहावे पॉल यांची मुंबई भेट ही पोपपदावरील व्यक्तीची भारतातील पहिली भेट होय. ती २ ते ५ डिसेंबर १९६४ या काळात झाली. मुंबईत २८ नोव्हेंबर ते ६ डिसेंबर १९६४ या दरम्यान भरलेल्या अडतिसाव्या आंतरराष्ट्रीय युखरिस्त परिषदेच्या निमित्ताने पोप येथे आले होते. भेटीचे स्वरूप धार्मिक यात्रेचे होते. तथापि ४ डिसेंबर रोजी पत्रकारांच्या माध्यमातून त्यांनी जगातील सर्व राष्ट्रांना जे आवाहन केले, त्यामुळे या भेटीला सामाजिक न्याय आणि आंतरराष्ट्रीय संबंध या दोन्ही क्षेत्रांत महत्त्व प्राप्त झाले. राष्ट्रांनी शस्त्रास्त्रस्पर्धा थांबवावी व त्या खर्चाचा काही भाग जगातील दरिद्री जनतेसाठी एका जागतिक निधीत द्यावा, असे त्या आवाहनाचे सार होते. पुढे १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘पोप्युलोरुम प्रोग्रेसिओ’ (राष्ट्रांचा विकास) या परिपत्रात पोपनी मुंबईच्या आवाहनाचा नामोल्लेख करून त्याचा पुनरुच्चार केला.

पार्श्वभूमी

*कॅथलिक सामाजिक शिकवण*

पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्राद्वारे कामगारांचे वेतन, संघटनेचा हक्क व मालमत्तेची सामाजिक जबाबदारी या प्रश्नांवर भूमिका मांडली. परिपत्र म्हणजे पोपने संपूर्ण चर्चला उद्देशून लिहिलेले अधिकृत पत्र होय. या परिपत्रापासून आधुनिक कॅथलिक सामाजिक शिकवणीचा आरंभ मानला जातो. आरंभी तिचा रोख मालक व मजूर यांच्यातील संबंधांवर होता. पोप तेविसावे जॉन यांनी ‘मातेर एत माजिस्त्रा’ (१९६१) व ‘पाचेम इन तेरिस’ (१९६३) या परिपत्रांतून तो श्रीमंत व गरीब राष्ट्रांमधील दरीकडे आणि अण्वस्त्रांच्या प्रश्नाकडे वळविला. जून १९६३ मध्ये पोप झालेल्या सहाव्या पॉल यांना हा वारसा लाभला. त्या वेळी दुसरी व्हॅटिकन परिषद (१९६२–१९६५) चालू होती आणि आधुनिक जगाशी चर्चचे नाते कोणते असावे, हा तिच्यापुढील एक प्रमुख विषय होता.

*मुंबईचा महाधर्मप्रांत*

मुंबईच्या महाधर्मप्रांतात आज मुंबई शहर व उपनगर, ठाणे आणि रायगड हे जिल्हे येतात. त्यामुळे उरण व पनवेल हे तालुकेही त्यात समाविष्ट आहेत. वसईचा वेगळा धर्मप्रांत १९९८ साली स्थापन झाला. १९६४ मध्ये तो भागही मुंबईच्याच अधिकारक्षेत्रात होता. वसई, साष्टी व उरण (कारंजा) येथील जुना ख्रिस्ती समाज पोर्तुगीज अमलाच्या काळापासूनचा आहे.

या इतिहासामुळे मुंबईतील चर्चचा कारभार दीर्घकाळ आंतरराष्ट्रीय वादाचा विषय राहिला. पूर्वेकडील चर्चच्या नेमणुकांवर पोर्तुगालच्या राजसत्तेला असलेल्या परंपरागत हक्काला ‘पाद्रोआदो’ म्हणत. रोमच्या थेट नियंत्रणाखालील व्यवस्थेशी त्याचा संघर्ष होत असे. १९२८ च्या करारानुसार मुंबईचे आर्चबिशपपद आळीपाळीने पोर्तुगीज व ब्रिटिश धर्मगुरूंकडे जावे, असे ठरले. याचा अर्थ असा की, स्थानिक धर्मगुरूस त्या पदावर वावच नव्हता. १९३७ साली नियुक्त झालेले इंग्रज जेजुइट आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स यांना ही व्यवस्था अन्याय्य वाटली. त्यांच्या पुढाकाराने १९४६ मध्ये व्हॅलेरियन ग्रेशियस हे साहाय्यक बिशप झाले. रॉबर्ट्स स्वतः मुंबईतून बाजूला झाले. १९५० मध्ये पोर्तुगालने आपला हक्क सोडला, रॉबर्ट्स यांनी राजीनामा दिला आणि ग्रेशियस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. जानेवारी १९५३ मध्ये ते पहिले भारतीय कार्डिनल बनले. रॉबर्ट्स यांनी पुढे ब्रिटनमध्ये अण्वस्त्रविरोधी चळवळीत भाग घेतला.

१९६० साली म्युनिक येथे सदतिसावी परिषद झाली होती. त्यानंतरच्या परिषदेचे यजमानपद कार्डिनल ग्रेशियस यांच्या मुंबईला मिळाले.

*१९६४ मधील भारत*

भेटीच्या वर्षी भारताची परिस्थिती बिकट होती. मे महिन्यात पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांचे निधन झाले व लालबहादूर शास्त्री पंतप्रधान झाले. अन्नधान्याची टंचाई व महागाई तीव्र होती. अमेरिकेतून येणाऱ्या गव्हावर देश मोठ्या प्रमाणात अवलंबून होता. १९६२ च्या चीन युद्धानंतर संरक्षणखर्चात मोठी वाढ झाली होती. १६ ऑक्टोबर १९६४ रोजी चीनने पहिली अणुचाचणी केली आणि भारतानेही अणुबाँब बनवावा काय, हा वाद देशात सुरू झाला. २४ ऑक्टोबर रोजी आकाशवाणीवरील भाषणात डॉ. होमी भाभा यांनी अणुस्फोटाचा खर्च तुलनेने कमी असल्याचे प्रतिपादन केले; त्याच भाषणात त्यांनी जागतिक निःशस्त्रीकरणाची गरजही सांगितली. डॉ. भाभांच्या नेतृत्वाखालील अणुसंशोधनाचे प्रमुख केंद्र मुंबईतच, तुर्भे (ट्रॉम्बे) येथे होते. भाकरी आणि शस्त्र यांच्या तुलनेचा प्रश्न म्हणूनच मुंबईकरांना परका नव्हता.

घोषणा आणि प्रतिक्रिया

मुंबईस जाण्याचा मनोदय पोपनी १८ ऑक्टोबर १९६४ रोजी रोम येथे, युगांडाच्या हुतात्म्यांना संतपद देण्याच्या समारंभात जाहीर केला. जानेवारी १९६४ मधील पवित्र भूमीच्या यात्रेनंतरचा हा त्यांचा दुसरा परदेश दौरा ठरणार होता.

पोर्तुगालने या घोषणेचा तीव्र निषेध केला. डिसेंबर १९६१ मध्ये भारताने गोवा मुक्त केला होता. सालाझार यांच्या राजवटीने ते मान्य केले नव्हते आणि भारताशी राजनैतिक संबंधही उरले नव्हते. पोपने भारतात जाणे हा पोर्तुगालचा विनाकारण केलेला अवमान आहे, अशी भूमिका परराष्ट्रमंत्री फ्रँको नोगेरा यांनी घेतली. पोर्तुगीज वृत्तपत्रांतील या भेटीच्या बातम्यांवर निर्बंध घालण्यात आले. २१ नोव्हेंबर रोजी पोपनी पोर्तुगालमधील फातिमा तीर्थस्थानास ‘सुवर्ण गुलाब’ हा मान जाहीर केला. हा पोर्तुगालची नाराजी दूर करण्याचा प्रयत्न होता, असे अनेक अभ्यासक मानतात. पोप गोव्याला गेले नाहीत. त्याच सुमारास जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषांचे दर्शन चालू होते.

भारतातही विरोधाचे सूर उमटले. परिषदेच्या आडून धर्मांतराला चालना मिळेल, अशी भीती काही हिंदू संघटनांनी व्यक्त केली. २९ ऑगस्ट १९६४ रोजी पवई येथील सांदीपनी आश्रमात विश्व हिंदू परिषदेची स्थापना झाली. तिच्या तात्कालिक संदर्भांत या नियोजित परिषदेचाही उल्लेख अभ्यासक करतात. दुसरीकडे, गरीब देशात एवढा मोठा सोहळा उचित आहे काय, असा प्रश्न विचारणारे खुद्द चर्चमध्येही होते.

भारत व व्हॅटिकन यांच्यात १९४८ पासून राजनैतिक संबंध आहेत. शास्त्री सरकारने भेटीस सहकार्य केले. पोपनी मात्र आपण यात्रेकरू म्हणून येत असल्याचे आवर्जून सांगितले.

भेटीचा वृत्तांत

एअर इंडियाच्या विमानाने बैरूतमार्गे प्रवास करून पोप २ डिसेंबर रोजी सांताक्रूझ विमानतळावर उतरले. उपराष्ट्रपती डॉ. झाकीर हुसेन व पंतप्रधान शास्त्री यांनी त्यांचे स्वागत केले. परिषदेचे मुख्य स्थान ओव्हल मैदान हे होते. ३ डिसेंबर रोजी तेथे पाच खंडांतील सहा बिशपांना दीक्षा देण्यात आली. राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्याशीही पोपची भेट झाली.

त्याच दिवशी इतर धर्मांच्या प्रतिनिधींसमोर केलेल्या भाषणात पोपनी बृहदारण्यक उपनिषदातील असत्याकडून सत्याकडे नेण्याची सुप्रसिद्ध प्रार्थना उद्धृत केली. मानवी समूहांनी एकमेकांना केवळ पर्यटक म्हणून न भेटता ईश्वराच्या शोधातील यात्रेकरू म्हणून भेटावे, अशा आशयाचे विचार त्यांनी मांडले. ख्रिस्तेतर धर्मांशी चर्चच्या नात्याविषयीचे ‘नोस्त्रा एताते’ हे व्हॅटिकन परिषदेचे घोषणापत्र त्यानंतर अकरा महिन्यांच्या आत, २८ ऑक्टोबर १९६५ रोजी मंजूर झाले. परिषदेच्या आधी मुंबईतच ख्रिस्ती प्रकटीकरण व जागतिक धर्म या विषयावर ईशशास्त्रज्ञांचे चर्चासत्र झाले होते आणि त्यात हान्स क्युंग, रायमुंदो पणीक्कर आदी विद्वान सहभागी होते.

प्रवासासाठी वापरलेली, अमेरिकेतून भेट मिळालेली पांढरी लिंकन मोटार पोपनी जाताना मदर तेरेसा यांच्या कार्यास दिली. मदर तेरेसा यांनी सोडत काढून मिळालेला पैसा कुष्ठरुग्णांच्या शांतिनगर वसाहतीसाठी वापरला.

मुंबईचे आवाहन

४ डिसेंबर रोजी पोपनी मुंबईत जमलेल्या देशोदेशींच्या पत्रकारांना आपला संदेश जगापर्यंत पोहोचविण्याची विनंती केली. संदेशातील प्रमुख मुद्दे पुढीलप्रमाणे होते :

* राष्ट्रांनी शस्त्रास्त्रांची स्पर्धा थांबवावी.
* शस्त्रांवरील खर्चाचा निदान काही भाग विकसनशील देशांच्या बंधुभावपूर्ण साहाय्यासाठी द्यावा.
* या पैशातून अन्न, वस्त्र, निवारा व वैद्यकीय मदतीसाठी जागतिक निधी उभारावा.

या मांडणीत दोन गोष्टी लक्षणीय होत्या. पहिली म्हणजे, दारिद्र्यनिवारण हा दानाचा विषय न ठेवता राष्ट्रांच्या अंदाजपत्रकाचा विषय केला गेला. दुसरी म्हणजे, आवाहन केवळ महासत्तांपुरते नव्हते. यजमान भारतासह संरक्षणखर्च वाढविणाऱ्या प्रत्येक देशाला ते लागू होते. युखरिस्त हा येशूच्या अंतिम भोजनाचे स्मरण करणारा भाकरी वाटून घेण्याचा विधी आहे. भुकेल्यांच्या प्रश्नाशी त्याचा संबंध जोडला जाणे हे त्या विधीच्या अर्थाशीही सुसंगत होते.

नंतरचा प्रवास

४ ऑक्टोबर १९६५ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत बोलताना सहाव्या पॉल यांनी निःशस्त्रीकरणातून वाचणारा पैसा विकसनशील देशांना देण्याची कल्पना पुन्हा मांडली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ‘गाउदियुम एत स्पेस’ या व्हॅटिकन परिषदेच्या दस्तऐवजात शस्त्रास्त्रस्पर्धा गरिबांना असह्य हानी पोहोचविते, अशी भूमिका घेण्यात आली. जानेवारी १९६७ मध्ये व्हॅटिकनने न्याय व शांती आयोग स्थापला.

२६ मार्च १९६७ रोजी ‘पोप्युलोरुम प्रोग्रेसिओ’ हे परिपत्र निघाले. पोपपदापूर्वीचे लॅटिन अमेरिका व आफ्रिकेचे प्रवास आणि त्यानंतरच्या पॅलेस्टाइन व भारत येथील यात्रा यांनी आपल्याला या प्रश्नांचे प्रत्यक्ष दर्शन घडविले, असे पोपनी त्यात नमूद केले. विकासाशिवाय शांतता टिकणार नाही, हा या परिपत्राचा गाभा आहे. गरीब देशांवरील कर्जाचा बोजा आणि असमान अटींवरील व्यापार यांचाही त्यात परामर्श घेतलेला आहे.

महाराष्ट्रातील कार्य

महाराष्ट्रातील पुढील सर्व कार्य या भेटीचाच परिणाम होता, असे म्हणता येत नाही. परंतु ते त्याच विचारधारेतील आहे. भारतीय बिशपांनी १९६२ मध्ये स्थापन केलेल्या कारितास इंडिया या संस्थेने दुष्काळ व आपत्तींच्या काळात मदतकार्य केले. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात स्विस जेजुइट धर्मगुरू हर्मन बाखर यांनी शेती व पाणलोट विकासाचे दीर्घकालीन काम केले. ‘बाखरबाबा’ या नावाने ते परिचित होते. जर्मनीच्या अर्थसाहाय्यातून व नाबार्डच्या सहकार्याने राबविलेल्या भारत-जर्मनी पाणलोट विकास कार्यक्रमाचे ते प्रवर्तक होते. श्रीमंत देशाचा पैसा गावकऱ्यांच्या श्रमदानाशी व निर्णयाधिकाराशी जोडला गेल्याचे हे एक उदाहरण होय. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या माध्यमातून पाणी, जमीन व दहशतीच्या प्रश्नांवर सर्वधर्मीय लोकलढा उभारला. २०२० साली उस्मानाबाद येथे झालेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

मूल्यमापन

मुंबईत सुचविलेला जागतिक निधी त्या स्वरूपात कधीच अस्तित्वात आला नाही. आवाहनानंतर वर्षभराच्या आत, १९६५ मध्ये, भारत-पाकिस्तान युद्ध झाले. १९७४ साली पोखरण येथील पहिल्या भारतीय अणुचाचणीसाठी वापरलेले प्लुटोनियम तुर्भे येथील सायरस अणुभट्टीतून आले होते. सीमांवरील धोका खरा असताना एकतर्फी शस्त्रकपात कोणता देश करील, हा टीकाकारांचा आक्षेप अनुत्तरित राहिला. पोपकडे नैतिक वजनाखेरीज अंमलबजावणीचे कोणतेही साधन नव्हते.

असे असले तरी या भेटीने कॅथलिक चर्चच्या भूमिकेत एक टिकाऊ बदल अधोरेखित केला. गरिबी हा राष्ट्राराष्ट्रांतील न्यायाचा प्रश्न आहे आणि संरक्षणखर्चाचा हिशेब भुकेल्या माणसासमोर मांडला पाहिजे, ही मागणी त्यानंतरच्या पोपांच्या लेखनात व भाषणांत सातत्याने आढळते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी फेब्रुवारी १९८६ मध्ये गोवा, मुंबई व पुणे येथे भेट दिली. सहाव्या पॉल यांना १४ ऑक्टोबर २०१८ रोजी संतपद देण्यात आले.

हेही पाहा

* दुसरी व्हॅटिकन परिषद
* व्हॅलेरियन ग्रेशियस
* गोवा मुक्तिसंग्राम
* फ्रान्सिस दिब्रिटो
* पाणलोट क्षेत्र विकास