ग्रिफिथ पार्क : कुरणाचे झालेले उद्यान

लॉस एंजेलिसमधील ग्रिफिथ पार्क ज्या जमिनीवर उभे आहे, ती मुळात रँचो लॉस फेलीझ या जहागिरीचा भाग होती. स्पॅनिश अमलात ती विसेंते फेलीझ या शिपायाला मिळाली. डोंगरउतारांवर गुरे चरत, नदीकाठी शेती होई. 1882 मध्ये खाणींच्या व्यवहारात श्रीमंत झालेल्या ग्रिफिथ जे. ग्रिफिथ या वेल्श माणसाने तिचा मोठा भाग विकत घेतला. काही काळ तिथे शहामृगांचे फार्मही चालले.

डिसेंबर 1896 मध्ये ग्रिफिथने यातील 3,015 एकर जमीन शहराला नाताळची भेट म्हणून दिली. सामान्य माणसालाही मोकळी हवा मिळाली पाहिजे, ही त्यामागची भूमिका होती. शहर तेव्हा लहान होते. एवढ्या विस्ताराची गरज फार थोड्यांना दिसली असेल, म्हणूनच या दानातील दूरदृष्टी मोठी वाटते.

दात्याचे चरित्र मात्र निष्कलंक नव्हते. 1903 मध्ये त्याने पत्नीवर गोळी झाडली. ती वाचली, पण तिचा एक डोळा गेला. त्याला तुरुंगवास झाला. 1912 मध्ये त्याने वेधशाळेसाठी एक लाख डॉलर देऊ केले, तेव्हा शहरात त्याला तीव्र विरोध झाला. 1919 मध्ये तो वारला आणि मृत्युपत्रातील पैशातून पुढे 1930 मध्ये ग्रीक थिएटर व 1935 मध्ये वेधशाळा उभी राहिली. वेधशाळेच्या इमारतीत प्रवेश आजही विनामूल्य आहे. नंतरच्या भरीमुळे उद्यान 4,200 एकरांच्या पुढे गेले.