भिंतीवरच्या बुरशीचा इतिहास : रामदासपेठेपासून पिंपरीपर्यंत

१/
२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी पात्राबाहेर आली आणि रामदासपेठेसह नदीकाठच्या अनेक वस्त्यांतील तळमजले पाण्याखाली गेले. पुराच्या बातम्या देशभर झाल्या. पाणी ओसरल्यावर भिंतींत जी ओल मागे राहते आणि त्या ओलीवर जी बुरशी धरते, तिची बातमी सहसा होत नाही. आजचा धागा त्या बुरशीच्या इतिहासाविषयी.

२/
प्रथम शब्द नीट वेगळे करू. भिंतीवर पांढरी, खारट पूड येते तो लोणा. माती, विटा व सिमेंटमधील क्षार पाण्याबरोबर पृष्ठभागावर येऊन सुकल्याने तो तयार होतो. पाण्याच्या थेंबात विरघळतो. बाहेरच्या भिंतीवर, उजेडात वाढते ते हिरवे शेवाळ. ते आपले अन्न स्वतः तयार करते. बुरशीला ते जमत नाही. तिला तयार अन्न लागते : कागद, खळ, लाकूड, कापड, रंगातील चिकट द्रव्य, किंवा भिंतीवर साचलेली साधी धूळ.

३/
बुरशीचे पहिले प्रसिद्ध सूक्ष्मदर्शी चित्र १६६५ चे आहे. त्याच वर्षी इकडे पुरंदरचा तह झाला. लंडनमध्ये रॉबर्ट हूकने ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात एका छोट्या पुस्तकाच्या तांबड्या चामडी वेष्टनावरील पांढरा ठिपका मोठा करून रेखाटला. नुसत्या डोळ्यांना जो डाग दिसत होता तो प्रत्यक्षात देठ आणि गोंडे असलेल्या अतिसूक्ष्म वाढीचा ताटवा होता. मात्र ही वाढ बीजाशिवाय, कुजण्यातूनच उपजते असे हूकला वाटले.

४/
हा समज खोडून काढण्याचे श्रेय फ्लॉरेन्सच्या पिएर अँटोनिओ मिकेली याचे. १७२९ मध्ये, म्हणजे बाजीराव पेशवे छत्रसालाच्या साहाय्यास बुंदेलखंडात गेले त्या वर्षी, त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याने बुरशीचे कण खरबुजासारख्या फळांच्या फोडींवर ठेवले आणि ज्या जातीचे कण तीच जात उगवते हे दाखवले. एका बुरशीचा आकार त्याला चर्चमध्ये पवित्र जल शिंपडण्याच्या साधनासारखा वाटला. त्यावरून त्याने तिला ‘अ‍ॅस्परजिलस’ हे नाव दिले. ते आजही चालते.

५/
पुढची नावे एकोणिसाव्या शतकात आली. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ लिंक याने १८०९ मध्ये ‘पेनिसिलियम’ हे नाव दिले. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ कुंचला. ‘क्लॅडोस्पोरियम’ हेही नाव त्याचेच, १८१६ चे. १८३७ मध्ये कोर्डा याने प्रागमधील एका घराच्या भिंतीवर चिकटवलेल्या कागदावरून एक काळी बुरशी वर्णिली, तीच ‘स्टॅकीबॉट्रिस’. म्हणजे या बुरशीची शास्त्रीय नोंदच एका ओल्या घरातून सुरू झाली.

६/
आता यांची घरातील ओळख. कांद्याच्या सालीखाली जी काळी भुकटी बोटाला लागते ती बहुधा अ‍ॅस्परजिलस नायजर. भुईमुगाच्या दाण्यावर पिवळसर हिरवी दिसते ती त्याच कुळातील अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस. या कुळातील अनेक जातींना थोडी ओल पुरते, म्हणून कपाटातील चामडी पट्टा, जुनी पुस्तके, गादी अशा कोरड्या भासणाऱ्या वस्तूंवरही ती धरते. पेनिसिलियम निळसर हिरवी आणि मखमली असते. सडक्या लिंबावर ती सर्वांनी पाहिलेली आहे.

७/
खिडकीच्या चौकटीवर, न्हाणीघराच्या कोपऱ्यात ऑलिव्ह-काळे ठिपके दिसतात ते बहुधा क्लॅडोस्पोरियमचे. बाहेरच्या हवेतही तिचेच कण विपुल असतात. मोरीखाली, सतत ठिबकणाऱ्या जागी अल्टरनेरिया आढळते. शेतकरी तिला पिकांच्या पानांवरील करप्यामुळे ओळखतात. शिळ्या पावावर पांढरी कापसासारखी वाढ आणि तिच्यात काळे टाचणीएवढे ठिपके, ती रायझोपस. स्टॅकीबॉट्रिसला मात्र दीर्घकाळ चिंब असलेला कागद, पुठ्ठा किंवा कागदी आवरणाचा जिप्समचा पत्रा लागतो.

८/
या यादीचा उपयोग असा : कोणती बुरशी आली यावरून पाणी किती आणि किती दिवस होते याचा साधारण अंदाज येतो. पावसाळी दमट हवेने कपाटात आलेली भुरकी वेगळी आणि गळक्या नळामागे महिनोन् महिने साचलेल्या पाण्यावरची काळी, बुळबुळीत वाढ वेगळी. अर्थात नुसत्या रंगावरून जात ठरत नाही; पक्की ओळख सूक्ष्मदर्शकाखालीच होते.

९/
कारणांकडे वळू. बुरशीचे कण हवेत सर्वत्र असतात, त्यांना घराबाहेर ठेवता येत नाही. अन्न घरात भरपूर असते. आपल्याकडचे २५ ते ३० अंशांचे पावसाळी तापमान तिला मानवते. उरते ते पाणी, आणि माणसाच्या हाती असलेली एकमेव गोष्ट तीच. वस्तू ओली राहिल्यास एक-दोन दिवसांत वाढ सुरू होऊ शकते. म्हणून पुरानंतरचे पहिले दोन दिवस महत्त्वाचे.

१०/
नागपूरची अडचण निराळी आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, हवा कोरडी ठक्क असते आणि बुरशीला वाव नसतो. पण शहराच्या पश्चिम भागाखाली बेसॉल्टची काळी माती आहे. ती उन्हाळ्यात आकसून भेगाळते, पावसाळ्यात फुगते. पाया पुरेसा खोल नसेल तर तिच्याबरोबर बांधकामही किंचित हलते आणि भिंतींना केसासारख्या चिरा जातात. उन्हाळ्यात पडलेल्या चिरेतून जूनचे पाणी आत येते. म्हणजे ओलीची तयारी कोरड्या ऋतूतच होते.

११/
त्यात कूलरची भर. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कूलर पाण्याची वाफ करून खोली थंड करतो आणि ती वाफ खिडकीवाटे निघून जाते. पाऊस सुरू झाल्यावर हवेत आधीच बाष्प असते. तेव्हाही तो चालू ठेवला तर गारवा फारसा मिळत नाही, खोलीतील दमटपणा तेवढा वाढतो. ओले राहिलेले खसाचे किंवा लाकडी भुश्शाचे पडदे हेही बुरशीचे अन्नच. वातानुकूलित खोलीत गोष्ट उलट घडते : थंड पृष्ठभागावर बाहेरच्या दमट हवेचे पाणी जमते.

१२/
मग पूर्वीच्या घरांत बुरशी नव्हती का? होती. मातीच्या भिंती पाणी शोषत, कौले गळत. पण एक उपाय अंगवळणी पडला होता : पावसाळा सरल्यावर, दिवाळीपूर्वी, चुन्याची सफेदी. ताजा चुना अतिशय अल्कधर्मी असतो आणि त्यावर बहुतेक बुरशी तग धरत नाही. हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे त्याचे हळूहळू चुनखडीत रूपांतर होते आणि हा गुण ओसरतो. म्हणून सफेदी दरवर्षी लागे. शिवाय चुन्याचा थर भिंतीतील वाफ बाहेर जाऊ देतो.

१३/
सिमेंट, डिस्टेंपर, तैलरंग, प्लायवूड आणि घट्ट बसणाऱ्या खिडक्या आल्यावर हे गणित बदलले. रंगातील सेंद्रिय चिकट द्रव्य बुरशीला खाद्य पुरवते. वाफ न सोडणारा थर ओल आत कोंडतो. घरे अधिक टिकाऊ, स्वच्छ आणि सुरक्षित झाली हे खरेच. पण वर्षाला एकदा भिंतीकडे पाहण्याची सवय सुटली. आज डाग दिसला की त्यावर रंगाचा हात फिरवला जातो आणि पुढच्या श्रावणात तो डाग परत येतो.

१४/
कागदाच्या रक्षणाची परंपरा याहून जुनी आहे. पोथीच्या शेवटी लेखनिक वाचकाला विनवी की हिला तेलापासून, पाण्यापासून आणि ढिल्या बांधणीपासून जपा. यातील तिसरी सूचना वरवर क्षुल्लक वाटते. पण सैल बांधलेल्या पानांत धूळ आणि दमट हवा सहज शिरते. पोथ्या फळ्यांत घट्ट बांधून बस्त्यात ठेवीत. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील कागदही कापडी रुमालांत बांधलेले आहेत. कापड हवा खेळू देते, प्लॅस्टिकची पिशवी ओल कोंडून ठेवते.

१५/
आता या इतिहासाचे मोठे वळण. १९२० च्या दशकात नेदरलंड्समधील लायडनचे स्टॉर्म व्हॅन लेउवेन दम्याचा संबंध हवामान आणि घरातील बुरशीशी जोडत होते. त्या विचाराच्या प्रभावाने लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात ला टूश हे बुरशीतज्ज्ञ दमेकऱ्यांच्या घरांतून बुरशीचे नमुने जमवू लागले. त्यांच्या प्रयोगशाळेच्या वरच्या मजल्यावर अलेक्झांडर फ्लेमिंग काम करीत.

१६/
सप्टेंबर १९२८ मध्ये फ्लेमिंग यांच्या एका काचेच्या बशीत बुरशी पडली आणि तिच्याभोवतीचे जीवाणू विरघळले. तिचे कण खिडकीतून नव्हे, तर खालच्या ला टूश यांच्या प्रयोगशाळेतून आले असावेत, असे अनेक इतिहासकार मानतात. तसे असेल तर पेनिसिलिनचे मूळ एखाद्या ओल्या घरात असू शकते. त्या बुरशीला आज पेनिसिलियम रुबेन्स म्हणतात. ती दमट घरांत सर्रास आढळणारी जात आहे.

१७/
महाराष्ट्रातील दुवा पिंपरीचा. १९५४ मध्ये भारत सरकारने युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या साहाय्याने तेथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन केली आणि देशात पेनिसिलिन तयार होऊ लागले. १९६१ मध्ये याच संस्थेत थिरुमलाचार यांच्या नेतृत्वाखाली ‘हॅमायसिन’ हे औषध सापडले. ते मातीतील स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना या जीवाणूपासून मिळते आणि त्याचे काम बुरशी मारणे. बुरशीपासून औषध करणाऱ्या कारखान्यातच बुरशीवरचे औषध मिळाले; जीवाणूच्या नावात पिंपरी आजही आहे.

१८/
दुसरी बाजू भयंकर आहे. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी बुरशी लागलेल्या भुईमुगाच्या पेंडीने मेले आणि अफ्लाटॉक्सिन या विषाचा शोध लागला. १९७४ मध्ये राजस्थान-गुजरात सीमेवरील आदिवासी गावांत अवकाळी पावसाने भिजलेला मका खाल्ल्याने यकृताचा आजार पसरला. नोंद झालेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ दगावले. तिथे दुसरे धान्य नव्हते. बुरशी आलेले दाणे निवडून, धुऊन वापरू नयेत, याचे कारण हे विष स्वयंपाकाच्या उष्णतेने पुरते नष्ट होत नाही.

१९/
‘काळी बुरशी म्हणजे विष’ ही भीती मात्र तपासून घ्यावी. १९९० च्या दशकात अमेरिकेतील क्लीव्हलँडमध्ये तान्ह्या मुलांच्या फुप्फुसातील रक्तस्रावाचा संबंध स्टॅकीबॉट्रिसशी जोडला गेला. २००० मध्ये तेथील रोगनियंत्रण केंद्राने फेरतपासणी करून तो सिद्ध होत नाही असे सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शिकेचा निष्कर्ष अधिक साधा आहे : बुरशी कोणत्याही रंगाची असो, ओलसर घरात दमा आणि श्वसनाच्या तक्रारी वाढतात.

२०/
२०२१ मध्ये कोविडनंतर ज्याला ‘काळी बुरशी’ म्हटले गेले तो म्युकरमायकोसिस. नागपूरनेही त्याची झळ सोसली. तो भिंतीवरच्या काळ्या डागांमुळे झाला नव्हता. त्याला कारण ठरणारे रायझोपससारखे जीव माती, शेण, पालापाचोळा आणि हवेत नेहमीच असतात. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा अतिवापर यांनी शरीराची दारे उघडली. एकाच नावाने दोन वेगळ्या गोष्टी ओळखल्या गेल्याने गोंधळ झाला.

२१/
डाग दिसला तर आधी त्याची जागा पाहा. जमिनीपासून कमरेपर्यंत पट्टा असेल तर पाणी पायातून चढते आहे. छतावर वर्तुळ असेल तर गच्ची गळते. न्हाणीघराला लागून असेल तर नळ. भिंतीला टेकलेल्या कपाटामागे असेल तर हवा खेळत नाही. पाण्याचे कारण दूर केल्यावरच सफाई : मास्क लावून, कठीण पृष्ठभाग साबणाच्या पाण्याने. चिंब होऊन बुरशी धरलेली गादी वाचत नाही. ब्लीच आणि अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नका; विषारी वायू निघतो.

२२/
शेवटी इतिहासाच्या अभ्यासकांसाठी. ४ नोव्हेंबर १९६६ च्या पुरात फ्लॉरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयातील दहा लाखांहून अधिक ग्रंथ व कागद भिजले. जगभरातून तरुण धावून आले, चिखलातून पुस्तके काढली. त्या अनुभवानंतरच्या वर्षांत एक पद्धत रूढ झाली : सर्व कागद लगेच सुकवणे अशक्य असेल तर ते गोठवून ठेवायचे. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही, आणि सवडीने एकेक गठ्ठा सुकवता येतो.

२३/
घरात मोडी कागद, खरेदीखते, पत्रे, जुनी छायाचित्रे असतील तर पावसाळ्यापूर्वी ती तळमजल्यावरून वर हलवा आणि प्रत्येकाचे छायाचित्र काढून ठेवा. भिजलीच तर ओले कागद पुसू नका, जबरीने सुटे करू नका, कडक उन्हात टाकू नका. सावलीत, वाऱ्यावर, मध्ये कोरा शोषक कागद घालून सुकवा. जमत नसेल तर पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा आणि अभिलेखागारातील जाणकाराला विचारा. लॅमिनेशन करू नका, ते परत निघत नाही. अशा घरगुती कागदांची दुसरी प्रत बहुधा कुठेच नसते.