नगरची मंडळी : आरंभानंतरचे दिवस

‘मंडळी’ हा शब्द आपल्या घरांत सहज वावरणारा आहे. पंक्तीला बसलेली मंडळी, वारीस निघालेली मंडळी, भजनाला जमलेली मंडळी. आणि पत्नीचे नाव न घेता तिचा निर्देश करावयाचा झाला तर तीही मंडळीच. मराठी ख्रिस्ती लोकांनी ‘चर्च’ या शब्दासाठी हाच शब्द निवडला आणि तो इमारतीस न लावता माणसांच्या समुदायास लावला. ही निवड आम्हांस अर्थपूर्ण वाटते, कारण ज्या समुदायाविषयी येथे लिहावयाचे आहे त्याच्यापाशी आरंभी माणसांवाचून दुसरे काहीच नव्हते. आणि तीही थोडी होती.

गोमंतकातील वाचकाच्या मनात धर्मांतर म्हटले की इन्क्विझिशन उभे राहते, हे आम्ही जाणतो. १५६० साली स्थापन झालेली ती संस्था १८१२ साली मोडली. मधल्या एका लहानशा खंडाखेरीज अडीचशे वर्षे तिची छाया या भूमीवर होती, आणि कुशस्थळीचा मंगेश व केळशीची शांतादुर्गा अंत्रुज महालात का आली हे आपल्या मुलांनाही सांगावे लागत नाही. तेथे नव्या धर्माच्या पाठीशी राजसत्ता होती. परंतु घाटावर, अहमदनगरास जे घडले त्याची जात निराळी आहे. तेथे कंपनी सरकार मिशनऱ्यांना मज्जाव करीत नव्हते, पण त्यांच्या अनुयायांना पाठबळही देत नव्हते. म्हणून असा लहान समुदाय आरंभीचा उत्साह ओसरल्यावर कशाच्या बळावर टिकतो, हा प्रश्न तेथे अधिक निर्भेळ स्वरूपात पाहावयास मिळतो.

नगर शहरास २०२४ सालापासून अहिल्यानगर म्हणतात. इंदूरकरांस पूज्य असलेल्या अहिल्याबाईंचे चौंडी गाव याच जिल्ह्यातले. या शहरात १८३१ च्या डिसेंबरात ग्रेव्हज, हर्वी आणि रीड हे तीन अमेरिकन मिशनरी आले. त्यांच्या मिशनने १८१३ सालापासून मुंबईत काम चालविले होते. त्यांच्यासमवेत बाबाजी नावाचा एक ब्राह्मण ख्रिस्ती होता. पुढच्याच वर्षी हर्वी पटकीने वारले. १८३३ साली मंडळीची रीतसर स्थापना झाली आणि त्याच वर्षी बाबाजीही मरण पावला. रीड स्वदेशी परतले आणि १८३६ साली न्यूयॉर्क येथे त्यांनी बाबाजीचे चरित्र छापले. म्हणजे पाच वर्षांच्या आत स्थापनेच्या वेळची प्रमुख माणसे एक तर मृत्यूने नेली, नाही तर समुद्रापार गेली. मागे राहिलेल्यांत अनाथालयातील आंधळे-पांगळे लोक होते. कोणा हिशेबी माणसाने त्या वेळी या समुदायाच्या आयुष्याची पैज लावली असती, तर ती त्याने अल्पायुष्याच्याच बाजूने लावली असती.

आमच्या वकिली दृष्टीस या इतिहासात प्रथम दिसतो तो घराचा प्रश्न. धर्म बदलणारा माणूस केवळ देव बदलीत नसे. तो एकत्र कुटुंबातून, पंक्तीतून, पाणवठ्यावरून आणि वारसाहक्कातून एकाच दिवशी बाहेर पडे. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री या तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांच्या आश्रयास होता, तेव्हा वडिलांनी सुप्रीम कोर्टात धाव घेतली आणि कोर्टाने त्या अज्ञान मुलास वडिलांच्या हवाली केले. पुढे त्यास जातीत परत घ्यावे की नाही यावर रणे माजली व बाळशास्त्री जांभेकरांनी शुद्धीची बाजू घेतली, हे मराठी वाचकास ठाऊक आहे. या प्रकरणात न्यायालयाने धर्माचा निवाडा केला नाही, वयाचा केला. आमच्या मते तो योग्यच होता.

सज्ञान माणसाच्या मालमत्तेचे काय, याचे उत्तर १८५० च्या एकविसाव्या कायद्याने दिले. धर्म सोडल्यामुळे किंवा जातिबहिष्कृत झाल्यामुळे ज्या रूढीने वा कायद्याने माणसाचा वारसा हिरावला जात असे, ती रूढी यापुढे कंपनीच्या न्यायालयांत चालणार नाही, असे त्यात म्हटले होते. बंगाल व मद्रास येथील हिंदूंनी त्याविरुद्ध अर्ज केले. त्यांच्या तक्रारीत तथ्य होते, कारण पिंडदान आणि वारसा यांची जी सांगड धर्मशास्त्राने घातली होती ती या कायद्याने तोडली. पण दुसऱ्या बाजूने पाहता, अन्नाच्या भीतीने धरून ठेवलेली श्रद्धा कोणत्या देवास प्रिय होईल? विवाहाचा प्रश्न त्याहून नाजूक होता. त्यासाठी १८६६ चा कायदा झाला, आणि योगायोग असा की त्याचाही क्रमांक एकविसावाच. धर्मांतरामुळे पत्नीने अथवा पतीने सहा महिने सोडून दिले असता न्यायालयात जाता येई. न्यायाधीशाने नांदण्यास नकार देणाऱ्या पक्षास समक्ष विचारावे, नकार कायम राहिला तर एक वर्ष थांबावे आणि मगच विवाह मोडावा, अशी त्यात तरतूद होती. हे एक वर्षाचे थांबणे आम्हांस फार शहाणपणाचे वाटते.

तथापि कायद्याची धाव केवढी? तो हिस्सा देववील, हजामत करवू शकत नाही. न्हावी, परीट, विहिरीवरचा रहाट, मुलीला स्थळ, प्रेतास खांदा या गोष्टी हुकूमनाम्याने मिळत नाहीत. शिवाय १८५० चा कायदा होता तो कंपनीच्या मुलखापुरता. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे किंवा निजामाचे राज्य येथे तो आपोआप लागू नव्हता. वर सांगितलेले नारायण शेषाद्री पुढे धर्मोपदेशक झाले व जालन्याकडे गेले, तेव्हा त्यांनी कायद्याच्या ऐवजी जमिनीचा आधार घेतला. निजामाचे दिवाण सर सालारजंग यांनी दिलेल्या जमिनीवर त्यांनी ‘बेथेल’ नावाची वस्ती वसविली. गावाने विहीर नाकारली तर आपली विहीर खणावी, असा तो व्यवहारी विचार होता. बेथेल उभी राहिली खरी, पण वेगळ्या वस्तीत राहणारा माणूस शेजाऱ्यास परका होतो, ही त्या उपायाची किंमत होती.

नगरची मंडळी वेगळी वस्ती करून न राहता शहरात आणि खेड्यापाड्यांत पसरली. तिचे बहुसंख्य सभासद महार समाजातून आले. हे सांगताना आम्हांस आपल्या वाचकांपासून काही लपवावयाचे नाही. ज्यांना आपण देवळाच्या पायरीलाही शिवू दिले नाही, त्यांनी दुसऱ्या दारी बसावयास सतरंजी मिळाली म्हणून पाऊल टाकले, तर त्याचा सगळा दोष सतरंजी घालणाऱ्यास देता येत नाही. मुंबई इलाख्यात हरिजनांस मंदिरप्रवेशाचा कायदा झाला तो १९४७ साली. १८७६-७८ च्या दुष्काळात पुष्कळ नवी माणसे मंडळीत आली आणि ‘धान्यासाठी झालेले ख्रिस्ती’ असा आक्षेप निघाला. आक्षेप अगदीच निराधार नव्हता. पण धान्याने माणूस एक हंगाम राहतो, तीन पिढ्या राहत नाही.

आमच्या मते या मंडळीच्या आयुष्यातील निर्णायक वर्ष १८३१ नव्हे, १८५४ होय. त्या वर्षी अमेरिकेहून मिशनचे चिटणीस रूफस अँडरसन पाहणीस आले. त्यांचे म्हणणे सरळ होते: प्रत्येक मंडळीस तिच्यातलाच पाळक असावा, त्याचा खर्च मंडळीने सोसावा, आणि परदेशी माणसाने यथावकाश निघून जावे. त्याच वर्षी हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक या दोन मराठी गृहस्थांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. जन्माने ब्राह्मण असलेला पाळक आणि समोर महार सभासद, एकाच भाकरीचा तुकडा आणि एकच पेला. त्या काळच्या नगरात हे दृश्य केवढे असेल याची कल्पना आज करणे कठीण आहे.

पण खर्चाचे काय? येथेच घोडे पेंड खात होते. सभासद मोलमजुरी करणारे. त्यांच्या वर्गणीत पाळकाचे पोट भरावयाचे कसे? उरलेला वाटा परदेशातून येत राहिला आणि ज्याचा पैसा त्याची चावी, हा नियमही चालू राहिला. देवस्थानच्या वाचकांना हे निराळे सांगावयास नको. महाजनांची वर्षासने थकली की नंदादीप कोणाच्या तेलावर जळतो, आणि तेल देणारा मग सभेत कोणत्या आवाजात बोलतो, हे आपण पाहिलेले आहे. गोव्यात १८८६ साली माझनींची नियमावली झाली तेव्हा देवस्थानांच्या हिशेबांवर सरकारचा हात आला. नगरात तो हात मिशनच्या कमिटीचा होता.

बेळगावकरांपुढे याच प्रश्नाचे आणखी एक रूप आहे. तेथे लंडन मिशनचे काम १८२० पासून चालू होते, आणि बेननस्मिथ हायस्कुलाचे नाव अजून त्याची साक्ष देते. बेळगावातच जन्मलेल्या बाबा पदमनजींनी तेथेच १८५४ साली बाप्तिस्मा घेतला आणि तीन वर्षांनी ‘यमुनापर्यटन’ लिहून मराठी कादंबरीस जन्म दिला. १९०४ साली लंडन मिशनने बेळगाव सोडले व काम अमेरिकन मेथडिस्टांच्या स्वाधीन केले. मालकी एका सहीने बदलली, पण रविवारी जमणारी माणसे तीच राहिली.

ती का जमत राहिली, याचा शोध घेताना आम्ही वारंवार गाण्यापाशी येतो. आरंभीची उपासनागीते इंग्रजी चालींवर बेतलेली होती. त्यांत मराठी जीभ अडखळे. १८६० नंतर नगरच्या मंडळीतल्या कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले. पूर्वरंग, आख्यान, झांज, मृदंग हा सगळा साज आपल्याच देवळांतला. मग नारायण वामन टिळक आले. त्यांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला व नगरास बिऱ्हाड केले. लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्यापासून दूर, माहेरच्या माणसांत होत्या. १८६६ च्या कायद्याचे दार टिळकांना उघडे होते. त्यांनी ते वापरले नाही, ते थांबले. पुढे लक्ष्मीबाई नगरास आल्या तरी प्रथम त्यांनी आपले सोवळे वेगळेच ठेवले, आणि १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यास त्या वर्षांचे दुःख आम्ही सांगावयास नको. मंडळी टिकण्याची किंमत एका घराने कशी भरली याचा तो दस्तऐवज आहे.

टिळकांनी तुकोबांचा अभंग ख्रिस्ताच्या दारी नेला. त्यावर आपल्यापैकी काहींनी नाके मुरडली, तसेच काही मिशनऱ्यांनाही ती भाषा अतिशय हिंदू वाटली. १९१७ साली टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोघेही त्या दरबारात बसावेत, असा त्यांचा मनोदय होता. १९१९ च्या मे महिन्यात ते वारले व दरबार त्यांच्यामागे फार दिवस चालला नाही. त्यांची पदे मात्र मराठी मंडळ्यांच्या गीतसंग्रहात राहिली, आणि रविवारच्या उपासनेत ती पेटी-तबल्यावर आजही म्हटली जातात.