मालवणी विनोद आणि मनावरचा ताण

मालवणी विनोद म्हणजे अडचणीतली विसंगती हेरून तिच्यावर चारचौघांत हसण्याची आणि मन हलके करण्याची सिंधुदुर्ग किनाऱ्यावरची रीत. दशावतार हे लोकनाट्य आणि मालवणी नाटक या दोन्हींत ती ठळकपणे दिसते.

दशावताराचे खेळ कार्तिकापासून गावोगावच्या जत्रांत रात्रभर चालतात. आख्यान ठरलेले असते, संवाद मात्र नट ऐनवेळी रचतात. पूर्वरंगातला संकासुर वेद पळवणारा राक्षस खरा, पण बोलतो मालवणीत आणि पोट धरून हसायला लावतो. शेवटी विष्णू त्याला मारतो. तोवर भीतीच्या पात्राची पुरती थट्टा झालेली असते.

याउलट ग्रामदेवतेपुढचे गाऱ्हाणे गंभीर असते. संकट मोठ्याने मांडायचे आणि जमलेल्यांनी ‘व्हय महाराजा’ म्हणत साथ द्यायची. एकट्याची काळजी अशी साऱ्या गावाची होते. मालवणी रंगभूमीने याच गाऱ्हाण्याचे विनोदी रूप लोकप्रिय केले. गंगाराम गवाणकर यांचे ‘वस्त्रहरण’ हे मालवणी नाटक १९८० मध्ये रंगभूमीवर आले. गावकरी महाभारतातला प्रसंग बसवतात आणि तो पदोपदी फसत जातो, एवढाच त्याचा विषय. त्यात तात्या सरपंचाची भूमिका साकारणारे मच्छिंद्र कांबळी (१९४७–२००७) मालवण तालुक्यातल्या रेवंडीचे. नाटकाचे पाच हजारांहून अधिक प्रयोग झाले. कोकणातून मुंबईत नोकरीला गेलेल्या चाकरमान्यांना त्यात स्वतःचे गाव, भाऊबंदकी आणि फजिती ओळखू आली.

हसण्याने संकट टळत नाही. पण त्याच्याकडे थोडे लांबून पाहता येते. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९२७ च्या निबंधात विनोदाला दुःखापुढे न नमणारी मनाची वृत्ती मानले.

कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये विनोदाच्या चार शैली मांडल्या: माणसे जोडणारी, स्वतःला सावरणारी, दुसऱ्याला बोचणारी आणि स्वतःलाच कमी लेखणारी. पहिल्या दोन मनःस्वास्थ्याशी जुळतात. स्वतःला कमी लेखणारी शैली मात्र चिंता आणि खिन्नतेसोबत आढळते. मालवणीतला ‘मेल्या’ हा शब्द या चौकटीत नीट बसतो. मित्राच्या तोंडी त्यात माया असते. तोच शब्द परक्याला किंवा दुबळ्याला हिणवण्यासाठी वापरला, की ताण एकाचा उतरतो आणि दुसऱ्याच्या डोक्यावर बसतो. झोप उडणे, जेवण न जाणे, जगणे नकोसे वाटणे अशी लक्षणे दिसली, तर थट्टामस्करीवर न थांबता डॉक्टर गाठावा लागतो.